अकरा मिनिटं चाळीस सेकंद

कळवा, ३ ऑक्टोबर १९९३

मारुती,

पाकिटावर कळव्याचा शिक्का बघून तू बुचकळ्यात पडशील, म्हणून आधीच सांगते. मी रतन, कोळीवाड्यातली, धाकू तांडेलची मुलगी. तुझा बडोद्याचा पत्ता तुझ्या आईने दिला. मागितल्याबरोबर नाही दिला. "विमानांबद्दल लिहिणार असशील तर नको," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे दुसरं लिहिण्यासारखं आहे तरी काय?" तेव्हा हसल्या आणि साखरेच्या डब्याखालून कागद काढून दिला.

सर ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. कंपनीने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं ओतकामासाठी लाकडाचे नमुने घडवणाऱ्या माणसाला घड्याळ प्लास्टिकचं द्यावं, याचं त्यांना फार हसू आलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन उन्हाळ्यात करू म्हणतात, कारण हिवाळा म्हणजे विमानं उडवायचे दिवस. तुझे अण्णा आहेत, तुला वेगळं काय सांगू?

लिहायचं कारण हे की आपलं छोटी विमानं बनवायचं मंडळ बंद पडायला आलं आहे. आता तीन मुलं आहेत. तीन! आपल्या वेळी डोंबिवलीच्या त्या खोलीत बावीस जण असायचो. निम्मे गॅलरीत बसून कागद कापायचो आणि शेजारच्या गोदाआजी ओरडायच्या, "मेस्त्री, तुमच्या त्या रंगाच्या वासाने माझे पोहे कडू लागतात हो!" डोपचा वास मला अजून आवडतो. पिकलेल्या केळ्यासारखा. पंखावरच्या कागदाला तो लावला की सुरकुतलेला कागद बघता बघता ताणला जायचा, आणि तू टिचकी मारून म्हणायचास, "वाजला, म्हणजे झाला."

मुलं का येत नाहीत, याची कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आधी रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायच्या. मग दहावीचे क्लास रविवारीही भरायला लागले. आता केबल आली. सर कुणाला दोष देत नाहीत. गेल्या रविवारी एवढंच म्हणाले, "ज्या रविवारी एकही मूल येणार नाही, त्या रविवारी मी खोलीला कुलूप लावीन. उगाच म्हाताऱ्याने एकट्याने विमानं उडवू नयेत, लोक हसतात."

मी त्यांना ते कुलूप लावू देणार नाही. जानेवारीत खारेगावच्या शेतावर मंडळाची स्पर्धा आहे, बहुधा शेवटची, कारण पुढच्या वर्षी तिथे मातीचा भराव पडणार असं ऐकते. तू ये. तू आणि सर सात-आठ वर्षं बोलला नाहीत. तू आलास तर सर बोलतील. ते तुझं नाव काढत नाहीत, पण तुझी सुरी अजून त्याच खिळ्याला आहे आणि मुलांना तिला हात लावू देत नाहीत.

त्या रविवारी जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. इतकी वर्षं झाली.

मी बी.ए. झाले, मग बी.एड. आमच्या घरातला पदवीचा पहिला कागद. आईने तो देवांच्या फळीवर ठेवला आहे आणि रोज त्यालाही हळदकुंकू लागतं. आता कळव्यातच शाळेत शिकवते.

रतन


कळवा, ७ नोव्हेंबर १९९३

मारुती,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन.

माझ्या सातवीच्या वर्गात मी भाषण केलं. टेबलावर सरांचं छोटं ग्लायडर ठेवलं होतं. मी म्हटलं, याला इंजिन नाही, सेल नाही, तरी हे उडतं, कारण ते हवेशी भांडत नाही. मला स्वतःलाच ते वाक्य आवडलं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, याला रिमोट नाय काय?" मी म्हटलं, नाही. "मग आपन काय करायचं?" मी म्हटलं, बघायचं. सगळा वर्ग हसला.

तरी दोघी आल्या. त्यातली लक्ष्मी मिठागरावरच्या कुटुंबातली आहे. बोटं इतकी स्थिर की सरांनी पहिल्याच दिवशी तिला पंखाच्या फासळ्या कापायला दिल्या. तीन आठवडे काम करून तिचं ग्लायडर चौदा सेकंद उडालं. दुसरी त्याच दिवशी म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि परत आली नाही. लक्ष्मी मात्र ते घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणाली, "बाई, रात्रभर माज्या डोल्यासमोर तेच."

मला माझं आठवलं. मी दहा वर्षांची होते. आमच्या वाड्यामागे सुकत घातलेल्या बोंबलांवरून एक पांढरं काही तरंगत गेलं आणि खाडीच्या चिखलात पडलं. बाबा मांडीभर चिखलात शिरले आणि ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून घेऊन आले, देवाची मूर्ती आणावी तसे. "पोरी, यो पक्षी नाय, इमान हाय!" तेवढ्यात तू आणि सर धापा टाकत आलात. तुझ्या चड्डीला मागे ठिगळ होतं. मी ते अजून विसरलेले नाही, रागावू नकोस. सर म्हणाले, "काय देऊ तुम्हाला?" बाबा म्हणाले, "माज्या पोरीला एक बनवून द्या." सर म्हणाले, "बनवून देत नाही. शिकवतो. रविवारी पाठवा."

आमच्याकडे कुणी कधी मुलीला काही शिकवायचं आपणहून म्हटलं नव्हतं. पुढे मी शाळा सोडली नाही, त्याचं मूळ त्या दिवसात आहे. म्हणून मंडळ माझ्यासाठी नुसता छंद नाही.

काल कल्याणला गोपीनाथकडे गेले होते. आपला गोपीनाथ, जो ग्लायडरच्या मागे पळता पळता विहिरीत पडला होता! त्याने कॉम्प्युटर क्लास काढला आहे. बाहेर चपलांचा ढीग. मी म्हटलं, "अरे, यातली चार मुलं रविवारी पाठव." तो म्हणाला, "रतन, तू साधीभोळीच राहिलीस गं. पोरांना बटण हवं, बटण. दाबलं की झालं पाहिजे. तुम्ही त्यांना तीन आठवडे कागद चिकटवायला लावणार, आणि मग म्हणणार आज वारा आहे, उडवायचं नाही." मग म्हणाला, "सर बरे आहेत ना? मारुतीचं काय चाललंय?" मी म्हटलं, माहीत नाही.

खोलीत विक्रमांचा फळा अजून आहे. सर दर नव्या मुलाला तो दाखवतात. सगळ्यात वर माझं नाव: रतन धाकू तांडेल, जानेवारी १९८६, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. त्याखाली तुझं, सात मिनिटं पाच. "बघा, आपल्या मंडळाचा विक्रम एका मुलीच्या नावावर आहे," असं लक्ष्मीलाही सांगितलं. मी खडू आणायला बाहेर गेले.

स्पर्धा ९ जानेवारीला. पत्र आलं नाही तरी चालेल, तू ये.

रतन


कळवा, १२ डिसेंबर १९९३

मारुती,

पोस्टकार्ड मिळालं. "पोरं येत नाहीत तर मी काय करू? मी पोर आहे का? अण्णांना सांग, टीव्ही बघा. आणि वाती कोण करतं आता? माझ्या तर विझतात." एवढंच. पोस्टकार्डाची अर्धी बाजू कोरी.

शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं.

वाती आता सरच करतात. दिसत नाही तरी करतात. सुती दोरी सोऱ्याच्या पाण्यात उकळायची, सावलीत वाळवायची, मग एक तुकडा पेटवून घड्याळ लावून बघायचं, बोटभर वात किती वेळात जळते. हे काम तू बाराव्या वर्षापासून करत होतास आणि तुझी वात अर्ध्या मिनिटानेही चुकत नसे. मुलांना मी सांगते की ग्लायडर वर नेण्याइतकंच ते खाली आणणं महत्त्वाचं आहे. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यात ते सापडलं की उतरतच नाही, दिसेनासं होतं. म्हणून शेपटीला वात बांधायची, सोडायच्या आधी उदबत्तीने पेटवायची. वात जळत जाऊन रबर तोडते, शेपटी वर उचलली जाते, आणि ग्लायडर डुलत डुलत खाली येतं. लक्ष्मी म्हणाली, "म्हंजे वरती पाठवायच्या आधीच परत यायची येल ठरवायची?" सरांना इतकं आवडलं ते, की त्यांनी तिला आपल्या खोडरबरातला अर्धा तुकडा दिला.

मारुती, त्या दिवशी वात विझली ती वाऱ्याने विझली असणार. तुझ्या करण्यात काही चूक नव्हती. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. आता मी सरांना तसं सांगणार आहे. त्यांना पटेल. मग तरी येशील ना?

खारेगावला भात कापून झालं आहे. शेताच्या एका कडेला डंपर येऊन मातीचे ढीग टाकून जातात, पण मधला भाग मोकळा आहे. सकाळी पारसिकच्या डोंगरावरून ऊन उतरतं तेव्हा तिथे उभं राहिलं की वाटतं, आत्ता तू दोरीची फिरकी हातात घेऊन पळत येशील, आणि गोपीनाथ बांधावर अडखळून पडेल, आणि सर ओरडतील, "अरे, विमानाकडे बघा, त्याच्याकडे नको!"

रतन


कळवा, १९ डिसेंबर १९९३

मारुती,

आज मी सरांना सांगितलं. म्हटलं, "सर, ८६ साली तुमचं मोठं ग्लायडर गेलं ना, त्यात मारुतीची चूक नसेल. वाऱ्याने वात विझली असेल."

सर कानशीने एक पट्टी घासत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "वारा? त्या दिवशी वारा नव्हता, रतन. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, मला आठवतंय. तू त्याला सांभाळून घेतेस हा तुझा चांगुलपणा आहे. तेव्हाही तू एक शब्द त्याच्याविरुद्ध बोलली नाहीस." आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "अहो, हिला चहा द्या."

मी तो चहा प्यायले.

आता नीट लिहिते. वात विझली नव्हती. मी ती पेटवलीच नव्हती.

तू पन्नास मीटर पुढे दोरी धरून पळायला तयार उभा होतास. ग्लायडर माझ्या हातात होतं. सरांनी ते सबंध पावसाळाभर बसून केलं होतं, सहा फुटी पंख, आणि पहिल्यांदा सोडायला मला दिलं होतं. वात सहा मिनिटांची होती. तुझा विक्रम सात मिनिटं पाच सेकंद. मी हिशोब केला: ही वात पेटवली तर मी सहाव्या मिनिटाला खाली. वर घारी फिरत होत्या, म्हणजे गरम हवा होती. मी सतरा वर्षांची होते. आदल्याच आठवड्यात आमच्या वाड्यात रंभामावशी आईला म्हणाली होती, "पोरीला अकरावीला कशाला पाठवतंस गो, इमानान बसनार हाय काय ती?" मला त्या फळ्यावर नाव हवं होतं. तुझ्या वर हवं होतं.

मी उदबत्ती वातीला लावली नाही. शेपटीखालच्या काडीला टेकवली, म्हणजे लांबून धूर दिसेल. आणि ओरडले, "पेटली!"

मला वाटलं होतं, नऊ-दहा मिनिटांनी आपोआप उतरेल. इतकंच वाटलं होतं, हे मी देवाशपथ लिहिते. ते उतरलं नाही. डोंगराच्याही वर गेलं, टाचणीएवढं झालं, आणि मग सर स्टॉपवॉच दाबून म्हणाले, "गेलं." पोरं टाळ्या वाजवत होती. सरांनी वाजवल्या नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे. सर तुझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एक वात धड करता येत नाही तुला. बेपर्वा! उद्यापासून विमानांच्या पेटीला हात लावायचा नाही." तू माझ्याकडे बघून विचारलंस, "रतन, पेटली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तू फक्त मान हलवलीस, जणू म्हणत होतास, म्हणजे चूक माझीच. त्यानंतर तू आलाच नाहीस. पुण्याच्या स्पर्धेला सर तुला न्यायचे ते गोपीनाथला घेऊन गेले. पुढच्या वर्षी तू बडोद्याला नोकरी धरलीस. आणि मुलं कमी होत गेली तेव्हा मी सगळ्यांत आधी टीव्हीला शिव्या द्यायला लागले. टीव्हीमुळे गेलीच मुलं, खोटं नाही. पण पहिला जो गेला तो टीव्हीमुळे गेला नाही.

माफी मागायला मला लाज वाटते, म्हणून मागत नाही. तू ये असंही आता लिहीत नाही.

रतन


कळवा, ९ जानेवारी १९९४

मारुती,

तुझं कार्ड ३१ तारखेला मिळालं. एकच ओळ. "मला काय सांगतेस? अण्णांना सांग, तेही सगळ्यांसमोर."

बरोबर आहे तुझं. सगळ्यांसमोर बोललं गेलं, तर सगळ्यांसमोर परत घ्यायला हवं. म्हणून मी ते सगळे गोळा करायला निघाले. त्या दिवशी शेतावर तू, मी, सर सोडून अकरा जण होते. माझ्याकडे जुना फोटो आहे, त्यावरून नावं काढली. दोघे गल्फमध्ये. एक पुण्याला. एकाचं घरच सापडलं नाही, चाळ पाडून तिथे इमारत झाली आहे. एकाने दार उघडून विचारलं, "कसलं मंडळ?" खरंच आठवत नव्हतं त्याला. चार रविवार आपल्याबरोबर आला होता तो, चार रविवारांचं काय आठवणार? बाकीचे म्हणाले, बघतो, जमवतो. तुला कबूल करते, या फिरण्यात मला जितकं रडू आलं तितकं मंडळ बंद पडेल या विचाराने कधी आलं नव्हतं. मला वाटत होतं आपण सगळ्यांनी तो हिवाळा जपून ठेवला आहे. तो मी एकटीनेच ठेवला होता, आणि माझ्याकडे तरी तो कुठे खरा होता.

आज सकाळी शेतावर सर, लक्ष्मी आणि दोन मुलं होती. साडेसातला गोपीनाथ स्कूटरवरून आला. "दहाची बॅच आहे, काय ते पटकन बोल." एवढेच आपले सगळे.

लक्ष्मीचं ग्लायडर आधी सोडलं. अडतीस सेकंद. ती त्याच्यामागे पळाली ती थेट मातीच्या ढिगावर चढली. सर पेटीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. वर्गात धडा सांगते तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. थांबले असते तर जमलं नसतं.

पहिल्यांदा गोपीनाथ बोलला. "अगं बाई! आणि मी त्याला वर्षभर 'विझू' म्हणून हाक मारत होतो. स्टेशनवर, लायब्ररीत, कुठेही दिसला की. ए विझू!" हेल्मेट काढून त्याने बांधावर ठेवलं आणि खाली बसला. दहाच्या बॅचला तो गेला नाही.

हे मला माहीत नव्हतं, मारुती. तुला असं हाक मारत होते हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

सरांनी विचारलं, "उदबत्ती कुठे टेकवलीस?"

"शेपटीखालच्या काडीला."

"बांबूच्या?"

"हो."

"म्हणून धूर पिवळट होता." मग म्हणाले, "आणि अकरा चाळीस?"

"ते खरे आहेत, सर. घड्याळ तुमच्याच हातात होतं."

त्यांनी मान हलवली. लक्ष्मी धापा टाकत परत आली तेव्हा तिला म्हणाले, "नाकात थोडं शिसं घाल, डोकं वर करतंय ते." पुढचा तासभर ते मुलांशी बोलत राहिले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जाताना पेटी उचलायला मी हात लावला तर म्हणाले, "राहू दे." आणि ती गोपीनाथने उचलली.

मी घरी आले. आईने विचारलं, "काय गो, इमान परला काय?" मी म्हटलं, "हो."

तू सांगितलंस ते मी केलं. तू इथे नव्हतास म्हणून तुला कळवते.

रतन


कळवा, १४ जानेवारी १९९४

मारुती,

आज संक्रांत. दुपारी सर आमच्याकडे आले. एकटे. एका डोळ्याने रूळ ओलांडून, गल्ल्या शोधत, वाड्यातल्या बायकांना विचारत. बाबा जाळं विणत बसले होते, ते एकदम उभे राहिले. "सर, तुमी कशाला आलाव, पोरीला बोलावली असतीत."

सरांनी तिळगूळ घेतला, बाबांना दिला, मला दिला. मग माझ्यासमोर स्टुलावर बसून म्हणाले, "मी चार दिवस तुझ्यावर रागावून बघितलं. जमलं नाही. सतरा वर्षांची होतीस तू. मी पन्नास वर्षांचा होतो. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. त्याने तुला विचारलं. मी त्याला विचारलंच नाही गं. नुसतं एवढं तरी, की मारुती, वात तपासली होतीस का. पाच शब्द. आठ वर्षांत पाच शब्द नाही विचारले."

बाबा सुतळी सोडून ऐकत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ते म्हणाले, "सर, पोर तुमचाच हाय. अजून इचारा."

सर हसले. "तेच करायला आलोय."

मंडळ टिकेल असं आता मला वाटत नाही. सरांना विचारलं, या रविवारी? तर म्हणाले, "लक्ष्मी येते म्हणाली आहे, म्हणजे मी असेन. पुढचं पुढे." शेताचा अर्धा भाग मातीखाली गेला आहे. पुढच्या हिवाळ्यात तिथे इमारतीचे खांब असतील, आणि त्या इमारतीतली मुलं रविवारी सकाळी काय करतील ते मला ठाऊक आहे. मी पूर्वी या गोष्टीवर फार मोठमोठं बोलायचे. आता मला एवढंच वाटतं की लक्ष्मीला आणखी एक हिवाळा मिळावा. मिळाला नाही तर माझ्या शाळेची गच्ची आहे. मुख्याध्यापक नाही म्हणाले आहेत, पण मी पुन्हा विचारणार आहे.

फळ्यावरचं माझं नाव मी पुसायला गेले तर सरांनी पुसू दिलं नाही. "वेळ खरी आहे," म्हणाले. त्यापुढे खडूने लिहिलं: वात न पेटवता. आता मुलं विचारतात, म्हणजे काय? मग मी सांगते. दरवेळी सांगावं लागतं, आणि मला वाटतं तेच ठीक आहे.

निघताना सरांनी खिशातून एक बंद लिफाफा काढला. म्हणाले, "आत तुझ्या पत्राबरोबर घाल. बाहेरचा पत्ता तूच लिही. माझं अक्षर बघितलं तर तो फोडणार नाही." मी म्हटलं, "फोडेल, सर." ते म्हणाले, "तुला काय ठाऊक? तूही त्याला आठ वर्षांत बघितलेलं नाहीस."

लिफाफ्यात काय आहे ते मी विचारलं नाही. बराच जाड आहे. लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, ते डोळ्याचं बघता मला कल्पना करवत नाही. अक्षर वेडंवाकडं असेल, समजून घे.

माझा कागद इथे बाजूला ठेव आणि त्यांचा उघड.

रतन